रस्त्याचे चित्र: वाटसरूचे आणि रहिवाशाचे

आमच्या गावाच्या नावातच सडक आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन; एक मोरगावच्या सोबतीने ओळखली जाते, दुसरी सडकेच्या. नागपुराहून रायपुराकडे जाणारा जुना हमरस्ता, ज्याचा क्रमांक पूर्वी ६ होता व आता ५३ झाला आहे, तो आमच्या दारावरून जातो. या रस्त्याने रात्रंदिवस जाणाऱ्या असंख्य माणसांस आमचे गाव ठाऊक असते ते पाटीवरील अक्षरांपुरते, किंवा कोहमाऱ्याच्या चौकात घेतलेल्या एका कप चहापुरते. अशा गावी राहून, महाविद्यालयात वाङ्मय शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने शहरांतील रस्त्यांच्या चित्रांविषयी लिहावे, यात काही वाचकांस विसंगती भासेल. आमचे म्हणणे असे की, रस्त्याच्या चित्राचे मोल ठरविण्याचा अधिकार शहरवासीयांइतकाच आम्हां सडकेवरच्या लोकांसही आहे. कारण केवळ जाता जाता पाहिले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव आम्हांस रोजचा आहे.

या लेखास निमित्त झालेली प्रदर्शने दोन आहेत, आणि ती दोन्ही मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरली होती. पहिले २०१८ साली भरले. ते रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चित्रांचे असून त्याची मांडणी श्री. सुहास बहुळकर यांनी केली होती. दुसरे नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस सुरू होऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत चालले. ते ठाण्याचे चित्रकार डॉ. सुधीर पटवर्धन यांच्या आजवरच्या कामाचे समग्र दर्शन घडविणारे होते. त्याची मांडणी नॅन्सी अदजानिया यांची होती आणि नाव होते ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. दोन्ही वेळी आम्ही गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठली. या गोष्टीस आता काही वर्षे लोटली असून वर्तमानपत्री परीक्षणाची वेळ केव्हाच टळून गेली आहे. तथापि काही चित्रे अशी असतात की ती भिंतीवर असतात तोवर नुसती दिसतात, आणि घरी आल्यावर बोलू लागतात. शिवाय या दोन प्रदर्शनांनंतर लगेच आमच्या सडकेवर जे घडले, त्यावाचून त्या चित्रांचा पुरता अर्थ आम्हांस कळला नसता, असे आज वाटते.

प्रथम त्या वास्तूविषयी दोन शब्द. सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचा हा सभागृह १९११ साली बांधला गेला. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांचेच हेही काम. कित्येक वर्षे येथे जाहीर सभा झाल्या, गायनवादनाच्या मैफली झाल्या. १९९६ साली त्याच भिंतींच्या आत चित्रांसाठी वर्तुळाकार मजले रचून शासनाचे संग्रहालय सुरू झाले. म्हणजे ही जागा मुळातच लोकांची. सभेला येणाऱ्यांची, रस्त्यावरून सरळ आत शिरणाऱ्यांची. मजल्यामागून मजला चढत जाताना प्रेक्षक गोल फिरतो आणि खाली पाहिलेली चित्रे त्यास वरून पुन्हा दिसतात. रस्त्यांची चित्रे पाहण्यास याहून योग्य घर मिळणे कठीण.

आमच्या वयाच्या झाडीपट्टीतील माणसाने शहराचा रस्ता पहिल्याने पाहिला तो शहरात नव्हे, नाटकाच्या पडद्यावर. दिवाळी झाली, भाऊबीज आली, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि त्या रात्री नाटक होते. पूर्वीच्या मराठी नाटक कंपन्यांपाशी जसे महाल, बाग, अरण्य व रस्ता असे रंगविलेले पडदे असत, तसेच ते झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही आले. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांसारख्या थोर कलावंतांनी या पडद्यांस चित्रकलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. त्यांतील रस्त्याचा पडदा मोठा मौजेचा. तो रंगमंचाच्या पुढील बाजूस सोडीत. त्याच्यासमोर दोन पात्रे येऊन इकडचे तिकडचे बोलत, आणि तेवढ्या अवधीत पडद्यामागे महालाची किंवा बागेची सिद्धता होई. दोन्ही बाजूंस ओळीने घरे, मध्ये निमुळता होत जाणारा मार्ग, दूर कोठेतरी एक देऊळ. आणि या एवढ्या मोठ्या रस्त्यावर माणूस मात्र एकही नाही. माणसे रंगविण्याचे कारणच नव्हते. तो रस्ता कोणाचा नव्हता; खरा प्रवेश मागे सजत असता वेळ निभावून नेणे एवढेच त्याचे काम.

हा पडदा आमच्या मनात इतका खोल उतरलेला आहे की, रस्त्याचे कोणतेही चित्र समोर आले म्हणजे आम्ही प्रथम एकच गोष्ट विचारतो: हा रस्ता कोणाचा तरी आहे, की मागे दुसरे काही सजत आहे तोवर धरलेला हा पडदा आहे? याच कसोटीवर दोन्ही प्रदर्शने लावून पाहण्याचा येथे विचार आहे.

धुरंधर कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तेथेच अध्यापक होऊन त्यांनी एकंदर एकेचाळीस वर्षे त्या संस्थेत घालविली. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९४० सालचे. पौराणिक व ऐतिहासिक चित्रांमुळे त्यांचे नाव घरोघर गेले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे किरकोळ समजले गेलेले काम. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील नाना तऱ्हेच्या लोकांची चित्रे पोस्टकार्डांसाठी काढली, आणि १९१२ साली एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय्‌वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकास आपल्या रेखाचित्रांची जोड दिली. मुंबईच्या आडवाटांवरचे हे पुस्तक लिहिणारे एडवर्ड्स त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

धुरंधरांच्या रेषेविषयी कितीही चांगले बोलले तरी ते थोडेच. लुगड्याचा काष्टा कसा बसतो, पागोट्याच्या घड्या जातीजातीगणिक कशा बदलतात, डोक्यावर ओझे असलेल्या बाईची मान कोठे ताठ होते आणि कंबर कोठे लवते, हे त्यांच्याइतके अचूक दुसऱ्या कोणी टिपले असेल असे वाटत नाही. त्यांच्या चित्रांत विनोद आहे आणि तो निर्विष आहे. रस्त्यावरची माणसे त्यांनी तुच्छतेने कधी पाहिली नाहीत. नुकत्याच शहरात आलेल्या हुशार तरुणाचे कुतूहल त्यांच्या डोळ्यांत शेवटपर्यंत टिकून राहिले, आणि आज शंभर वर्षांनी ती चित्रे पाहताना आपल्याही ओठांवर हसू येते.

असे असूनही एक उणीव जाणवते. धुरंधरांच्या रस्त्यावर शिपाई आहे. पण तो शिपाई म्हणजे सर्व शिपायांचा प्रतिनिधी. कोळीण आहे, ती सर्व कोळिणींची. पारशी गृहस्थ, दूधवाला भय्या, घाटी हमाल, या साऱ्यांस पोशाख आहे, चाल आहे, लकब आहे. पण पत्ता नाही. हा मनुष्य कोठून निघाला, कोठे चालला, संध्याकाळी त्याच्या घरी कोण वाट पाहत असेल, हा प्रश्न चित्र विचारीत नाही आणि आपणांसही विचारू देत नाही. पोस्टकार्डाचा धर्मच असा आहे. ते दूर असलेल्या कोणास तरी येथले नवल कळविण्यासाठी असते; येथल्यास येथले सांगण्यासाठी नव्हे. पोलीस अधिकाऱ्याच्या पुस्तकाचेही तसेच. चौकीतून दिसणारा रस्ता हा ओळख पटविण्यासाठी पाहिलेला रस्ता असतो. या दोन्ही चौकटी धुरंधरांनी स्वतः घडविलेल्या नव्हत्या. त्यांच्या काळाने त्या त्यांच्या हाती दिल्या, आणि त्या चौकटींत राहूनही त्यांनी पुष्कळ माणुसकी आणली, हे न्यायाने म्हटले पाहिजे. तथापि रस्ता येथे मागचा पडदाच राहतो. माणसे त्याच्यासमोर येऊन उभी राहतात, आपले रूप दाखवितात, आणि निघून जातात.

धुरंधरांनंतर मुंबईच्या रस्त्याचे जे चित्र सर्वाधिक लोकप्रिय झाले, त्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. १९५२ पासून काळा घोड्याजवळ उभ्या असलेल्या जहांगीर कलादालनात, आणि त्याबाहेरच्या पदपथावर, वाचकांनी ते अनेक वेळा पाहिले असेल. पावसाने ओला झालेला रस्ता, त्यात दिव्यांची लांबलचक प्रतिबिंबे, एक काळी-पिवळी टॅक्सी, दोन छत्र्या, आणि धूसर होत गेलेली एखादी गॉथिक इमारत. जलरंगांचे हे काम पुष्कळदा सफाईचे असते. कागद ओला असताना रंग सोडण्याचे कसब साधे नसते. १८७७ साली गुस्ताव काइबोत या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसच्या पावसाळी चौकाचे जे भव्य चित्र काढले, त्याचे हे दूरचे नातेवाईक म्हणता येतील. परंतु काइबोतच्या छत्र्यांखाली तरी चेहरे आहेत. या छत्र्यांखाली कोणीच नाही. येथे पाऊस पडतो तो रस्ता चकाकावा म्हणून. त्याच पावसात ज्यांच्या घरात पाणी शिरते, ज्यांची हातगाडी बुडते, ज्यांस रुळांवरून चालत घरी जावे लागते, त्यांचा पाऊस वेगळा आहे. दिवाणखान्यात लावण्यास असे चित्र घेणाऱ्या कुटुंबांस आम्ही दोष देत नाही. आमच्याही घरात तसे एक आहे. एवढेच म्हणतो की, नाटकातला तो निर्मनुष्य पडदा येथे चौकट लावून पुन्हा आला आहे.

आता पटवर्धनांकडे वळू. हे गृहस्थ पुण्यास जन्मले, तेथेच सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, १९७३ साली मुंबईकडे आले, आणि १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत त्यांनी चित्रे काढली. कलाशाळेचे शिक्षण त्यांस नाही. ज्याच्या पुढ्यात दिवसभर माणसांच्या हाडांच्या व फुप्फुसांच्या सावल्या येऊन पडतात, त्यास माणसाच्या देहाचे वजन वेगळ्या रीतीने कळत असले पाहिजे. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) या आरंभीच्या चित्रांतील माणसे जड आहेत, थकलेली आहेत, आणि तरीही कोणाची कीव मागत नाहीत. आपण पाहत आहोत तेव्हा तीही आपणांस मोजून घेत असावीत असे वाटते. येथे हमाल सर्व हमालांचा प्रतिनिधी होत नाही. हा याच पुलावरचा, याच वेळचा, आणि उद्याही याच वेळी येथून जाणारा, असा एक मनुष्य असतो.

पुढे त्यांची चित्रे रुंदावत गेली आणि रस्ता स्वतःच त्यांचा विषय झाला. ‘पोखरण’ (१९९१) हे ठाण्याच्या एका वाढत्या भागाचे चित्र आहे. शहर डोंगराकडे सरकत असता जो धड गाव नाही आणि धड नगर नाही असा प्रदेश मध्ये पडतो, त्याचे इतके सरळ चित्र मराठी मुलखात आम्ही दुसरे पाहिलेले नाही. ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रामागे गिरणगावाचा सारा इतिहास उभा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप कधी विधिपूर्वक मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या आणि त्यांच्या जागी दुकानांचे महाल व उंच इमारती उभ्या राहिल्या. चित्रकार हे सारे घोषणा करून सांगत नाही. जुने आणि नवे एकाच दृष्टिक्षेपात ठेवून तो आपल्यास तेथून चालावयास लावतो, आणि चालता चालता आपल्या ध्यानात येते की, येथे कोणाची तरी पायवाट बदलली आहे.

या चित्रांची रचना हा आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला यथार्थदर्शनाचा नियम शिकवितात. डोळा एका ठिकाणी स्थिर धरावा, क्षितिजरेषा आखावी, आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळवाव्यात. नाटकाच्या पडद्यावरचा रस्ता याच नियमाने काढलेला असे. पटवर्धनांच्या मोठ्या नगरचित्रांत मात्र एकाच फलकावर एक गल्ली खालून पाहिलेली असते, दुसरी वरून. पूल एका बाजूने दिसतो आणि पुलाखालचा रस्ता दुसऱ्या. प्रथमदर्शनी हे चुकल्यासारखे वाटते. थोडे थांबून पाहिले म्हणजे कळते की, हा रहिवाशाचा अनुभव आहे. वाटसरू रस्ता एका जागेवरून, एका क्षणी पाहतो; त्याचा नियम एकबिंदूचा. रहिवाशाने तोच रस्ता आपल्या खिडकीतून पाहिलेला असतो, वाण्याच्या दुकानातून पाहिलेला असतो, आजारी मुलास खांद्यावर घेऊन रात्री पाहिलेला असतो. त्याच्या मनात ही सर्व दर्शने एकावर एक साठलेली असतात. ती सर्व एकत्र आणावयाची, तर यथार्थदर्शनाचा नियम मोडणे प्राप्तच आहे. नियम मोडण्याची हौस आणि नियम मोडण्याची गरज यांत जो भेद आहे, तो या चित्रांसमोर उभे राहून विद्यार्थ्यांस सहज दाखविता येईल.

ही दृष्टी काही आजची नव्हे. इटलीतील सिएना नगरात आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या तेथल्याच चित्रकाराने १३३८-३९ साली नगरभवनाच्या भिंतीवर सुशासनाचे परिणाम दाखविणारे भित्तिचित्र काढले. त्यात त्याने आपलेच शहर रंगविले. गवंडी घर बांधीत आहेत, दुकाने उघडी आहेत, शिक्षक शिकवीत आहे, तरुणी फेर धरून नाचत आहेत; आणि वेशीतून बाहेर पडलेला रस्ता शेतांकडे जातो व त्याच रस्त्याने शेतकरी आपली जनावरे आणि माल घेऊन शहरात येत आहेत. चित्र ज्या दालनात होते तेथे नगराचा कारभार पाहणारे नऊ अधिकारी बसत. कारभार करणाऱ्याने मान वर केली की त्यास आपला रस्ता दिसावा, अशी ती योजना होती. तेथल्या माणसाने, तेथल्या रस्त्याचे, तेथल्यांसाठी, सार्वजनिक जागी काढलेले चित्र: रस्त्याच्या चित्राचे याहून उंच ध्येय आम्हांस ठाऊक नाही. पटवर्धनांची चित्रे त्या कुळातील आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. पटवर्धन स्वतः मध्यमवर्गीय डॉक्टर. कामगाराच्या रस्त्यावर तेही पाहुणेच नव्हेत काय? चित्रातील माणसास चित्र आपले वाटावे, त्यात त्यास स्वतःचे रूप ओळखता यावे, ही इच्छा त्यांनी पूर्वीच बोलून दाखविली आहे. परंतु लोअर परळच्या चाळीतला मनुष्य त्या गोल सभागृहाच्या पायऱ्या किती वेळा चढतो? या प्रश्नास चित्रकार बगल देत नाहीत, हे त्यांच्या कृतीवरून दिसते. २००८ च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचे एक फिरते प्रदर्शन जुळवून त्यांनी ते महाराष्ट्राच्या निरनिराळ्या शहरांत नेले, आणि त्यास नावही ‘विस्तारणारी क्षितिजे’ असे मराठी दिले. एवढ्याने प्रश्न सुटला असे नाही. पण कलावंताने आपल्या भिंतीबाहेर पाऊल टाकले, हे कमी नव्हे.

आमच्या स्वतःच्या तक्रारी दोन. पहिली ही की, या चित्रांत हसणे फार दुर्मिळ आहे. रस्त्यावर दुःख आहे तशी थट्टाही आहे. पानठेल्यावरचे टोमणे आहेत, भाजीवालीची जीभ आहे. धुरंधरांच्या हातून सुटलेला प्रश्न पटवर्धनांनी उचलला खरा, पण धुरंधरांच्या हातात असलेले हसू त्यांनी तेथेच ठेवून दिले. दुसरी तक्रार ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ (२०१४) या सात फलकांच्या भव्य कृतीसंबंधी. महानगराचा भूतकाळ आणि वर्तमान एकत्र सांगण्याचा तो प्रयत्न थोर आहे. तथापि तेथे चित्रकार पाहण्यापेक्षा सांगू अधिक लागतो, आणि एवढे सारे सांगावयाचे म्हटले म्हणजे एकेका माणसाकडे थांबून पाहण्यास अवकाश उरत नाही. सत्तर-ऐंशीच्या काळातील एका माणसाचे एक चित्र आमच्या मनात त्या सात फलकांहून अधिक काळ राहिले.

फेब्रुवारी २०२० मध्ये ते प्रदर्शन संपले. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या सडकेवर माणसे चालू लागली. नागपुराच्या बाजूने येत, छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडे जात. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, पायात तुटलेली चप्पल किंवा तीही नाही. जी सडक वर्षानुवर्षे केवळ वाहनांची होती, ती एकाएकी पायांची झाली. गावातील लोकांनी पाणी दिले, भात शिजवून दिला, सावली दिली. आपल्याच्याने झाले ते केले. संध्याकाळी अंगणात उभे राहून ती रांग पाहताना आम्हांस मुंबईच्या त्या गोल मजल्यावरची चित्रे आठवत. शहराने ज्यांस रस्त्यावर आणले, ती माणसे त्या चित्रांत उभी होती. आता तीच जणू चौकटीबाहेर पडून आमच्या दारावरून घराकडे चालली होती. लोरेन्झेत्तीच्या चित्रात वेशीबाहेर जाणारा रस्ता आहे. त्याचे हे टोक कोणी रंगविले नव्हते.

पुढे शाळा सुरू झाल्यावर परिसरातील एका विद्यालयाने मुलांच्या चित्रांचे छोटे प्रदर्शन भरविले आणि आम्हांस पाहुणे म्हणून बोलाविले. वर्गाच्या चारही भिंतींवर चित्रे होती. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वाकडी नदी, काठावर एक झोपडी आणि दोन नारळाची झाडे. आमच्याकडे धानाची बांधी आहे, मामा तलाव आहे, मोहाचे झाड आहे. नारळाचे झाड मुद्दाम शोधावे लागते. कोणाच्याही कागदावर सडक नव्हती. एका चुणचुणीत मुलास आम्ही सहज विचारले, “सडकेचे चित्र का काढले नाहीस?” तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, “सडकेचं का काढाचं, सर? थे त रोजचीच हाय.”

त्या मुलाचा दोष नाही. रोजचे ते चित्राचे नव्हे, हे आपणच त्यास शिकविले आहे. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत ‘स्मरणचित्र’ नावाची एक सुंदर प्रश्नपत्रिका असते. पाहिलेला प्रसंग आठवून काढावयाचा, हा तिचा मूळ हेतू. परंतु पुष्कळ ठिकाणी शिक्षक नमुन्याचे चित्र फळ्यावर काढून देतात, मुले ते पाठ करतात, आणि बाजार म्हटला की सर्वांचा एकच बाजार, बसस्थानक म्हटले की सर्वांचे एकच बसस्थानक उतरते. स्मरण राहते ते फळ्याचे. वाढीव गुण मिळतात, आणि ज्या मुलाने २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या आईबरोबर सडकेवर पाण्याची घागर धरली होती, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले मात्र कागदावर कधीच येत नाही. ते मूल आता मोठे होत आहे. आणखी काही वर्षांनी ते स्वतःच म्हणेल की, त्या दिवसांचे आपणांस नीटसे आठवत नाही.

येथे आमच्या म्हणण्याचा शेवट येतो. धुरंधरांपासून शिकावयाचे ते डोळ्याची उत्सुकता आणि रेषेची शिस्त. पटवर्धनांपासून शिकावयाचे ते राहत्या जागेशी इमान. ठाण्याचा एक डॉक्टर तीस वर्षे एकाच गावी राहून तेथलाच रस्ता काढीत राहिला, म्हणून त्या रस्त्यास राष्ट्राच्या संग्रहालयात भिंत मिळाली. त्याने रस्ता आधी पुरता पाहिला. संग्रहालय मागाहून आले. आमच्याकडे संग्रहालय नाही ही सबब म्हणूनच पुरेशी नाही. आमच्याकडे शाळेचा व्हरांडा आहे, ग्रामपंचायतीची भिंत आहे, आणि मंडईच्या दिवशी दहा गावचे लोक एकत्र जमतात. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांच्या फळ्या रंगविणारे पेंटरही या सडकेवर अजून आहेत. छापील फलकांनी त्यांचे काम हिरावून घेतले असले तरी त्यांचा हात गेलेला नाही.

म्हणून आमच्या परिसरातील चित्रकला शिक्षकांस एक विनंती करतो. यंदाच्या मंडईत नाटकाच्या मंडपाशेजारी दोरी बांधून मुलांची व या पेंटरांची चित्रे लावावीत. विषय एकच असावा: आपली सडक. फळ्यावर नमुना काढून देऊ नये. कोणाची क्षितिजरेषा वाकडी आली, कोणाची माणसे घरांहून उंच झाली, तरी ती तशीच राहू द्यावीत. आणि चित्रात जो चहाच्या टपरीवर बसलेला असेल, त्यास हाताशी धरून चित्रासमोर आणावे व हा तूच ना, म्हणून विचारावे. अशा प्रदर्शनाचे परीक्षण लिहिण्यास आम्ही सौंदडपर्यंत गाडीने आणि पुढे लागेल तितके पायी येऊ.